पोर्तुगीजमध्ये बटाटा ‘ती’ आणि बादली ‘तो’: नामांची लिंगं लक्षात कशी ठेवायची?

केतकीवन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या सप्टेंबरात आम्ही डोंबिवलीहून पोर्तोला राहायला आलो. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी भाषेच्या वर्गाला जाते. उच्चार बऱ्यापैकी बसलेत, क्रियापदंही हळूहळू येताहेत. अडते ती नामांच्या लिंगांपाशी, आणि रोज अडते.

आपल्याला तीन लिंगं, यांना दोनच, म्हणजे आपल्याला सोपं जाईल असं वाटलं होतं. पुल्लिंगी नामाच्या आधी ‘ओ’, स्त्रीलिंगी नामाच्या आधी ‘आ’, अनेकवचनात ‘ओश’ आणि ‘आश’. पण माझा मराठी कानच आडवा येतो. घोडा, पंखा, आंबा, कांदा... शेवटी आ आला की शब्द पुल्लिंगी, हे लहानपणापासून मुरलेलं आहे. इथे नेमकं उलट. शेवटी आ म्हणजे बहुतेक वेळा स्त्रीलिंग. कांदा ‘आ सेबोला’, बटाटा ‘आ बताता’. बाजारातल्या भाजीवाल्या आजी माझ्या तोंडून ‘ओ बताता’ निघालं की पिशवी भरता भरता हळूच ‘आ बताता’ म्हणतात. पुढे काही बोलत नाहीत, नुसतं बरोबर रूप पुन्हा उच्चारतात.

हा नियम धरून बसावं तर तोही दगा देतो. दिवस ‘ओ दिया’, नकाशा ‘ओ मापा’, अडचण ‘ओ प्रोब्लेमा’. शेवटी आ असून सगळे पुल्लिंगी! उलट हात ‘आ मांव’ आणि फोटो ‘आ फोतो’.

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागलेली आहे. मुलगा सहा वर्षांचा आहे, इथल्याच शाळेत पहिलीत जातो. त्याला ही लिंगं कोणी शिकवली नाहीत आणि त्याची ती चुकत नाहीत. पण परवा गॅलरीतून ओरडून म्हणाला, “आई, चंद्र आली!” काल म्हणाला, “आपली घर मोठी आहे.” पोर्तुगीजमध्ये चंद्र ‘आ लुआ’, घर ‘आ काझा’, दोन्ही स्त्रीलिंगी. तेच तो मराठीत आणतोय. त्याचं मराठी नपुसकलिंग हरवायला नकोय मला.

तर दोन्हींवर सांगा. माझी लिंगं कशी पक्की होतील आणि त्याची मराठी कशी राखायची?

दर्यावर्दी

लिस्बनला नऊ वर्षं काढली, त्यावरून सांगतो. नाम एकटं पाठ करू नका. वहीत ‘बताता’ असं कधीच लिहायचं नाही, ‘आ बताता’च लिहायचं. जमल्यास त्याला एखादं विशेषणही चिकटवा. कारण ओकारान्त आणि आकारान्त शब्द तरी चेहऱ्यावरून ओळखू येतात, एकारान्त येत नाहीत. दूध ‘ओ लेइते’, पूल ‘आ पोंते’, रात्र ‘आ नोइते’. लेइते आणि नोइते ऐकायला जुळे, लिंगं वेगळी. मग ‘लेइते फ्रियो’, गार दूध, आणि ‘नोइते फ्रिया’, गार रात्र, अशी जोडी पाठ केली की विसरायला होत नाही.

शेपट्यांवरून काही कुळं ओळखता येतात. ‘-दादे’ने संपणारे स्त्रीलिंगी: सिदादे (शहर), लिबेर्दादे (स्वातंत्र्य). ‘-जें’ने संपणारे जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी: आ वियाजें (प्रवास), आ मेंसाजें (निरोप). ‘-सांव’ने संपणारी भाववाचक नामं स्त्रीलिंगी: आ नासांव (राष्ट्र). पण हृदय ‘ओ कोरासांव’, पुल्लिंगी. शेवटी नुसता ‘-आंव’ असलेल्या वस्तू बहुतेक पुल्लिंगी: ओ पांव (पाव), ओ लिमांव (लिंबू), ओ बोतांव (बटण). तुमचा ‘आ मांव’ त्यातून सुटलाय, तो एकटा लक्षात ठेवा.

मी शब्द लिहिल्याप्रमाणे देतोय. पोर्तुगालमध्ये बोलताना एकटा ‘ओ’ हा ‘उ’सारखा आणि ‘आ’ हा आपल्या ‘अ’सारखा ऐकू येतो, ते तुम्हाला कळलंच असेल.

केतकीवन

हो, आणि तेच जड जातं! ‘अ’ इतका पटकन निसटतो की ऐकू आला की नाही तेच कळत नाही. ‘फोतो’ स्त्रीलिंगी का?

दर्यावर्दी

मूळ शब्द ‘फोतोग्राफिया’ आहे, त्याचं लिंग मागे राहिलं. ‘आ मोतो’ म्हणजे मोटरसायकलही तशीच, ‘मोतोसिक्लेता’तून आलेली. शब्द आखूड झाला, लिंग नाही.

निवृत्त_मास्तर

या धाग्यावर थोडे मागे जाऊन लिहितो, कारण ‘दिया’ आणि ‘प्रोब्लेमा’ यांचे उत्तर मागेच आहे.

पोर्तुगीज लॅटिनमधून आली. लॅटिनला संस्कृतसारखीच तीन लिंगे होती. बोलीत शब्दांचे शेवट झिजले, तसा पुल्लिंगी आणि नपुसकलिंगी रूपांमधला फरक ऐकू येईनासा झाला आणि नपुसकलिंग पुल्लिंगात विरून गेले. ‘ओवुम्’ म्हणजे अंडे, लॅटिनमध्ये नपुसकलिंगी. त्याचे ‘ओ ओवो’ झाले, पुल्लिंगी. पण काही नपुसकलिंगी शब्दांचे अनेकवचन आकारान्त होते आणि तेच लोकांच्या तोंडी जास्त होते. ‘फोलिया’ म्हणजे पाने. लोकांनी त्या आकाराला स्त्रीलिंगी एकवचन मानले आणि ‘आ फोल्या’ म्हणजे एक पान झाले. ‘लिग्ना’ म्हणजे लाकडे, त्याची ‘आ लेन्या’ झाली, म्हणजे सरपण. गंमत अशी की ‘ओ लेन्यो’ हा पुल्लिंगी शब्दही टिकला, त्याचा अर्थ ओंडका. ओंडका पुल्लिंगी आणि सरपणाचा ढीग स्त्रीलिंगी. ‘ओ फ्रुतो’ म्हणजे झाडाला धरलेले एक फळ आणि ‘आ फ्रुता’ म्हणजे खायची फळफळावळ, हीही त्याच वळणाची जोडी.

‘प्रोब्लेमा’, ‘सिस्तेमा’, ‘तेमा’, ‘क्लिमा’, ‘पोएमा’ हे ग्रीकमधले ‘मा’कारान्त शब्द. ग्रीकमध्ये ते नपुसकलिंगी, म्हणून पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगात गेले. मात्र प्रत्येक ‘मा’ ग्रीक नसतो. ‘आ कामा’ (पलंग), ‘आ आल्मा’ (आत्मा), ‘आ लामा’ (चिखल) स्त्रीलिंगीच आहेत. ‘मांव’ हा लॅटिनमध्येच स्त्रीलिंगी होता, रूप मात्र पुल्लिंगी नामासारखे.

मराठी, गुजराती आणि कोकणी यांनी संस्कृत-प्राकृताचे नपुसकलिंग राखले. हिंदीने सोडले. पोर्तुगीज या बाबतीत हिंदीची बहीण आहे. आठवा, शाळेत हिंदी शिकताना तुमचे ‘ते पुस्तक’ एकदम ‘किताब’सारखे ‘पुस्तक अच्छी है’ झाले आणि ‘ते घर’ मात्र ‘घर अच्छा है’. आपला ‘तो आत्मा’ हिंदीत ‘मेरी आत्मा’. तेव्हाही नियमाने नाही, ऐकून ऐकूनच जमले होते.

अनुस्वार

मास्तर, नपुसकलिंगाचा काहीच अवशेष राहिला नाही का?

निवृत्त_मास्तर

राहिला आहे, आणि केतकीवन तो रोज वापरत असतील. ‘एश्ते’ हा, ‘एश्ता’ ही आणि ‘इश्तो’ हे. नाव माहीत नसलेल्या वस्तूकडे बोट दाखवून ‘इश्तो’ म्हणायचे. तसेच ‘इस्सो’, ‘आकिलो’ आणि ‘तुदो’, म्हणजे सगळे. नामाला नपुसकलिंग नाही, पण ज्याचे नामच ठाऊक नाही त्याला आहे.

केतकीवन

मास्तर, हे वाचून खरंच अंगावर काटा आला. पहिले दोन महिने दुकानात माझा सगळा आधार ‘इश्तो’च होता!

वसईची_पोर

मला पोर्तुगीज येत नाही, पण माझ्या आजूबाजूला ती विखुरलेली आहे, त्यामुळे धागा एका दमात वाचला. आमच्याकडे परेरा, डिकोस्टा, डिसिल्वा, रोझारिओ, डाकुन्हा अशी आडनावं. यातला ‘डा’ म्हणजे हाच स्त्रीलिंगी ‘आ’ का? आणि शाळेत आम्हाला सांगितलं होतं की पोर्तुगीजांनी इथला सुंदर उपसागर पाहून ‘बॉम बाहिया’ म्हटलं आणि त्याचं बॉम्बे झालं. मग बाहिया पुल्लिंगी समजायचं का? शेवटी आ आहे म्हणून विचारते.

दर्यावर्दी

आडनावांचं अगदी बरोबर. ‘चा’ या अर्थाचा ‘दे’ आणि पुढचं उपपद (नामाआधीचं ‘ओ’ किंवा ‘आ’) मिळून ‘दो’, ‘दा’, ‘दोस’, ‘दास’ होतं. कोस्ता म्हणजे किनारा, स्त्रीलिंगी, म्हणून ‘दा कोस्ता’. सिल्वाही स्त्रीलिंगी, म्हणून ‘दा सिल्वा’. रोझारियो म्हणजे जपमाळ, पुल्लिंगी, म्हणून ‘दो रोझारियो’. आपल्याकडे ‘दा’चा ‘डि’ झाला आणि लिंगाची खूण पुसली गेली. डाकुन्हात मात्र ती शाबूत आहे.

बाहिया मुळीच पुल्लिंगी नाही. ‘आ बाईया’, स्त्रीलिंगी. ब्राझीलमधलं त्या नावाचं राज्यही ‘आ बाईया’च आहे. चांगला ‘बों’, चांगली ‘बोआ’. म्हणून उपसागर चांगला असता तर ‘बोआ बाईया’ झालं असतं, ‘बों’ नाही. मातृभाषा बोलणारा खलाशी ही चूक करणार नाही. जसं आपल्यापैकी कोणी ‘चांगला नदी’ म्हणणार नाही, तसंच. पोर्तुगीज शहराला ‘बोंबाईं’ म्हणत, ते मुंबईच्या इथल्याच नावाचं त्यांच्या तोंडी झालेलं रूप मानणं जास्त सरळ आहे.

वसईची_पोर

म्हणजे एवढी वर्षं ऐकलेली गोष्ट एका विशेषणाच्या शेवटावर पडली! आईला आत्ताच वाचून दाखवलं. आमच्या लोकलमधलं सांताक्रूझ घ्या मग. ‘सांता’ म्हणजे संत स्त्री, असं मी समजत होते.

निवृत्त_मास्तर

‘क्रूझ’ म्हणजे क्रूस. तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘सांता क्रूझ’, पवित्र क्रूस. त्यात कोणी स्त्री नाही. पवित्र आत्मा मात्र ‘एस्पिरितो सांतो’, कारण तो शब्द पुल्लिंगी. संतांच्या नावाआधी व्यंजन असेल तर ‘सांव’, स्वर असेल तर ‘सांतो’. गोव्यातला सांव जांव हा सण म्हणजे हाच ‘सांव’.

‘परेरा’ही राहिले. ‘पेरेइरा’ म्हणजे पेअर या फळाचे झाड. स्त्रीलिंगी शब्द, आणि पुरुष पिढ्यान्‌पिढ्या तो आडनाव म्हणून मिरवतात. ‘ओलिवेइरा’ हे ऑलिव्हचे झाड, तेही स्त्रीलिंगी.

फोंडेकर

झाडांवर कोणी येणार असेल तर येऊ दे, मी गोव्यावर येतो. ही गोष्ट मला फार वर्षांपासून सांगायची होती.

गोव्याचं लिंग कोणतं? मराठीत ‘गोवा मुक्त झाला’, पुल्लिंगी. पण मराठीतच ‘जुने गोवे’ असंही लिहितात, ते नपुसकलिंगी. आमच्या कोकणीत ‘गोंय’, तेंही नपुसकलिंगी: ‘भांगराळें गोंय’, ‘पोरणें गोंय’. आणि पोर्तुगीजमध्ये? ‘व्हेल्या गोआ’. व्हेल्यो म्हातारा, व्हेल्या म्हातारी. १८४३ साली पणजीला राजधानी म्हणून नाव दिलं तेही ‘नोव्हा गोआ’, नवी. ‘गोआ दोउरादा’, सोनेरी, तीही स्त्रीलिंगीच. म्हणजे जमीन एक आणि लिंगं तिन्ही. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘नोव्हा गोआ’ होतं आणि घरात ते ‘आमचें गोंय’ म्हणायचे. एकाच माणसाच्या तोंडी ती आणि तें.

नद्यांचं बघा. मांडवी आपल्याला ती, कारण नदी ती. पोर्तुगीजमध्ये नदी म्हणजे ‘ओ रिओ’, पुल्लिंगी, म्हणून सगळ्या नद्या पुल्लिंगी: ओ तेजो, ओ दोउरो, ओ मांदोव्ही. गंगासुद्धा ‘ओ गांजेस’! कागदावर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चरकायला झालं होतं. नंतर आठवलं की आपल्याकडेही ब्रह्मपुत्र आणि शोण हे नद आहेतच.

पणजीत फिरताना पाट्या वाचा. ‘रूआ’ म्हणजे रस्ता, स्त्रीलिंगी. ‘फोंताइन्यास’ म्हणजे छोटे झरे, स्त्रीलिंगी अनेकवचन. ‘आल्तिन्यो’ म्हणजे छोटा उंचवटा, पुल्लिंगी. ‘बोका दा व्हाका’, गाईचं तोंड, यातला ‘दा’ आता तुम्हाला ओळखता येईल.

अनुस्वार

फोंडेकर, सुरेख. ‘गोवा’वर आणखी लिहा कधीतरी.

मी उलट्या बाजूनं येतो. पोर्तुगीज शब्द मराठीत आले तेव्हा त्यांच्या लिंगाचं काय झालं? केतकीवन यांच्या बटाट्याचं उत्तर तिथेच सापडेल. गोव्यातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर मोठं काम प्रसिद्ध केलं. त्या वाटेनं मी माझ्यापुरत्या याद्या करतो.

काही शब्दांचं लिंग तसंच राहिलं. ‘आ शावे’ची चावी, ‘आ फिता’ची फीत, दोन्ही स्त्रीलिंगी. ‘ओ पांव’चा पाव, ‘ओ लेइलांव’चा लिलाव, दोन्ही पुल्लिंगी. पण ‘आ बताता’ मराठीत शिरली आणि आपल्या कानांनी तिच्या शेवटच्या आकाराकडे पाहून तिला घोडा-पंख्याच्या ओळीत बसवलं. बटाटा तो झाला. म्हणजे केतकीवन बाजारात जी चूक करतात तीच मराठीनं काही शतकांपूर्वी केली आणि तिथे ती शुद्ध ठरली! ‘ओ बाल्दे’ पुल्लिंगी, आपण त्याला ईकार दिला आणि बादली स्त्रीलिंगी झाली. ‘ओ प्रातो’ म्हणजे ताट, त्याची परात झाली, स्त्रीलिंगी.

मला सगळ्यात आवडतात ते आपल्या नपुसकलिंगात येऊन वसलेले शब्द. ‘आ गामेला’चं घमेलं, ‘आ पिपा’चं पिंप, ‘ओ कार्तूशो’चं काडतूस. घमेलं का नपुसकलिंगी झालं? मला वाटतं घरात आधीच पातेलं, तपेलं, घंगाळं होतं, तीच चाल लागली.

आणि पगार! मूळ ‘पागार’ हे क्रियापद, फेडणं, पैसे देणं. त्याला लिंगच नव्हतं, ते आपण दिलं.

वसईची_पोर

कोबीचं सांगा. आमच्या घरी तो कोबी, माझ्या सासरी ती कोबी. जेवताना रोज ऐकायला मिळतं.

अनुस्वार

मूळ ‘आ कोउवे’, स्त्रीलिंगी. त्यामुळे सासरचं म्हणणं मुळाला धरून आहे. पण ‘तो कोबी’ इतका रूढ आहे की कुणालाच चूक म्हणता येणार नाही. तंबाखूचंही तसंच. मूळ ‘ओ ताबाको’ पुल्लिंगी, मराठीत काही जण ‘तो तंबाखू’ म्हणतात, बरेच जण ‘ती’.

साओपावलो_मुक्कामी

उशिरा आले. इथे ब्राझीलमध्ये सोळा वर्षं झाली, दोन मुली इथेच वाढल्या. बायकांना पहिल्या दिवशी जो शब्द लागतो त्याचं कोणीच लिहिलं नाही: धन्यवाद. पुरुष ‘ओब्रिगादो’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’. समोरचा कोण आहे याच्याशी संबंध नाही, बोलणारा कोण हे महत्त्वाचं. शब्दशः ‘मी बांधील झालो’, ‘मी बांधील झाले’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे पटकन पचत नाही. आपण तर ‘मी आलो’, ‘मी आले’ म्हणतच मोठे झालो. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मात्र बोलणाऱ्यानुसार बदलत नाही. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ दोन्हीला ‘एउ फुइ’. तेवढी सवलत आहे.

अभिवादनंही लिंग शिकवतात. ‘बों दिया’, ‘बोआ तार्दे’, ‘बोआ नोइते’. दिवस पुल्लिंगी, दुपार आणि रात्र स्त्रीलिंगी, आपल्यासारखंच. ‘ओ दिया’ विसरलात तर सकाळी कोणाला तरी भेटा.

वारांचं वेगळं आहे. सोमवार ते शुक्रवार स्त्रीलिंगी, कारण मूळ ‘सेगुंदा-फेइरा’, ‘तेर्सा-फेइरा’ आणि ‘फेइरा’ स्त्रीलिंगी. शनिवार-रविवार, ‘साबादो’ आणि ‘दोमिंगो’, पुल्लिंगी.

अंकांकडे लक्ष द्या. दोन म्हणजे ‘दोइस’ आणि ‘दुआस’, दोनशे म्हणजे ‘दुझेंतोस’ आणि ‘दुझेंतास’. आपल्याकडे वस्तूंना नाही, पण माणसांना आहे: दोघे, दोघी, दोघं. वजनातल्या ग्रॅमला ‘ओ ग्रामा’ म्हणतात आणि गवताला ‘आ ग्रामा’. नियमानं दोनशे ग्रॅम चीज ‘दुझेंतोस ग्रामास’ असायला हवं, पण इथे दुकानात बहुतेक लोक ‘दुझेंतास’च म्हणतात. असे आणखी जोड आहेत. ‘ओ कापिताल’ भांडवल, ‘आ कापिताल’ राजधानी. ‘आ काबेसा’ डोकं, ‘ओ काबेसा’ म्होरक्या. आणि आजोबा-आजी! ‘ओ अवो’ आणि ‘आ अवॉ’. शेवटचा स्वर मिटला की आजोबा, उघडला की आजी. दोघं मिळून ‘ओस अवॉस’: उपपद आजोबांचं, स्वर आजीचा. माझ्या मुलींनी हे मला शिकवलं.

दर्यावर्दी

मिश्र गटाचं हेच मला शेवटपर्यंत खुपत राहिलं. आईवडील ‘ओस पाइस’, शब्दशः ‘बाप’. मराठीत मुलगा आणि मुलगी मिळून ‘ती दोघं खेळत होती’. नपुसकलिंग दोघांनाही सामावून घेतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांना पुल्लिंगाकडे जावं लागतं.

साओपावलो_मुक्कामी

त्यावरून इथे बराच वाद होतो. भाषणाची सुरुवात ‘तोदोस इ तोदास’, सगळे आणि सगळ्या, अशी करतात. काही तरुण ‘तोदेस’ असं तिसरं रूप वापरतात, त्याला विरोधही तितकाच. पदांचंही तसंच. दिल्मा रुसेफ २०११ मध्ये अध्यक्ष झाल्या. त्यांना ‘आ प्रेझिदेंता’ हे रूप हवं होतं, पुष्कळ वर्तमानपत्रं ‘आ प्रेझिदेंते’च लिहीत राहिली. ‘प्रेझिदेंता’ शब्दकोशांत आधीपासून होता, नवा काढलेला नव्हता. २०१२ मध्ये पदव्यांच्या प्रमाणपत्रांवर व्यवसायाचं नाव पदवीधराच्या लिंगाप्रमाणे लिहावं असा कायदा झाला. माझ्या मोठीच्या प्रमाणपत्रावर ‘एंजेन्येइरा’ आहे, ‘एंजेन्येइरो’ नाही. मला ते पाहून फार बरं वाटलं.

आपल्याकडे प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा नाम तसंच राहिलं, क्रियापदानं काम केलं: राष्ट्रपती म्हणाल्या.

निवृत्त_मास्तर

व्यक्तीचे लिंग आणि शब्दाचे लिंग हे वेगळे ठेवले की पुष्कळ गोष्टी सुटतात. ‘आ क्रियांसा’ म्हणजे मूल. मुलगा असो वा मुलगी, शब्द स्त्रीलिंगीच. ‘आ पेसोआ’ व्यक्ती, ‘आ वितिमा’ बळी गेलेले माणूस, ‘आ तेस्तेमुन्या’ साक्षीदार, सगळे सदैव स्त्रीलिंगी. आपलीही ‘ती व्यक्ती’ पुरुष असू शकते.

फोंडेकर

कोकणीत तर घरातल्या धाकट्या मुलीला नपुसकलिंग लावतात. ‘तें शाळेंत गेलां.’ त्यात हीन काही नाही, माया आहे.

दर्यावर्दी

फळझाडांचं राहिलं होतं. ही पाठ करायला सगळ्यात सोपी यादी. बहुधा फळाचं लिंग तेच झाडाचं. आंबा ‘आ मांगा’, झाड ‘आ मांगेइरा’. फणस ‘आ जाका’, झाड ‘आ जाकेइरा’. (दोन्ही शब्द त्यांना दक्षिण भारतातून मिळाले आणि शेवटच्या आकारामुळे स्त्रीलिंगी झाले. बटाट्याच्या बरोबर उलट.) संत्रं ‘आ लारांजा’, झाड ‘लारांजेइरा’. काजू ‘ओ काजू’, झाड ‘ओ काजुएइरो’. नारळ ‘ओ कोको’, झाड ‘ओ कोकेइरो’. लिंबू ‘ओ लिमांव’, झाड ‘ओ लिमोएइरो’. अपवाद अंजिराचा: फळ ‘ओ फिगो’ पुल्लिंगी, झाड ‘आ फिगेइरा’ स्त्रीलिंगी.

केतकीवन

दोन दिवस वाचतेय, प्रत्येकाचे आभार. मुलाच्या मराठीबद्दल कोणी सांगाल का?

साओपावलो_मुक्कामी

सांगते, मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. माझी धाकटी पाच वर्षांची असताना ‘माझी हात दुखते’ म्हणायची, ‘आ मांव’मुळेच. मी आधी थांबवून दुरुस्त करायचे, ‘हात तो असतो’ वगैरे. तिनं हळूहळू मराठीत बोलणंच कमी केलं. मग ते सोडलं. ती ‘माझी हात दुखते’ म्हणाली की मी ‘कुठला हात दुखतो? डावा? दाखव तुझा हात’ असं भरपूर बोलायचे, विशेषणं आणि क्रियापदं घालून. मराठीत उपपद नाही, लिंग कळतं ते शेजारच्या शब्दांवरून. ते शेजारचे शब्दच मुलाच्या कानावर जास्त पडायला हवेत. नुसतं ‘चंद्र’ म्हटलं तर त्याला लिंग ऐकूच येत नाही. ‘केवढा मोठा, पिवळा चंद्र उगवला’ म्हटलं की चार ठिकाणी ऐकू येतं.

नपुसकलिंगाला वेळ लागतो, कारण शाळेत त्याला काही जोडच नाही. माझ्या मुलींना ते गोष्टींतून आलं: पिल्लू, वासरू, कोकरू, मांजर. पिल्लं सगळी ‘ते’. गोष्टीत पिल्लू हरवतं, भिजतं, सापडतं, आणि लिंग आपोआप बसतं.

तुमच्या भाजीवाल्या आजी तुमच्याशी हेच करताहेत, बघा.

केतकीवन

वाचून थोडा वेळ तशीच बसले. आजींचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या वहीपेक्षा त्यांच्या पिशवीपाशी मी जास्त शिकलेय, हे खरं आहे.

केतकीवन (तीन आठवड्यांनी)

कळवायचं होतं म्हणून धागा वर आणते. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, प्रत्येक नाव उपपद आणि विशेषणासकट. ‘ओ आर्रोझ ब्रांको’, ‘आ सेबोला रोशा’. मीठ ‘ओ साल’ आणि मध ‘ओ मेल’ पक्के झाले. चमचा अजून चुकतो, तो ‘आ कोल्येर’, स्त्रीलिंगी. शनिवारी बाजारात ‘दुआस सेबोलास’ बरोबर आलं. आजींनी काही दुरुस्त केलं नाही, नुसते दोन कांदे ठेवले.

मुलाला रोज रात्री वासराची एक गोष्ट, मीच रचून सांगते. काल त्यानं स्वतः सांगितली, त्यात वासरू ‘पडलं’, मग ‘उठलं’, मग ‘घर दिसलं’. तिन्ही बरोबर. चंद्र मात्र अजून ‘आली’च आहे. मी गॅलरीत त्याच्या शेजारी उभी राहून ‘किती मोठा आलाय’ म्हणते आणि पुढे काही बोलत नाही.